पुंगळीवरचे वळ

“मग आकडा अजून जाड करू का? की काडतुसांच्या पेटीची स्प्रिंगच बदलू?”

केरबा लोहारानं तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर शिकलगार विळ्याला धार लावत होते. चाक फिरत होतं. ठिणग्या उडत होत्या.

“उस्ताद, मी तुम्हाला विचारतोय.”

“ऐकतोय.”

“मग सांगा ना!”

“तुझं विचारून झालं की सांगीन.”

केरबा उठला. दारापर्यंत गेला. परत आला. बसला नाही.

संस्थानं होती तेव्हाची ही गोष्ट. दस्तगीर शिकलगारांनी दरबारच्या शिलेखान्यात चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या. डोळे थकले तशी नोकरी सोडली आणि पिराच्या टेकडीखाली एका खोलीत राहू लागले. आता विळे, कात्र्या, कुऱ्हाडी. पण मुलखातला कुठलाही बंदूकवाला अडला की त्यांच्याच दारात यायचा.

केरबा कुणाच्या दारात जाणारा नव्हता. मुंबईच्या एका कारखान्यात पाच वर्षं लेथ यंत्रावर काढून तो गावी परतला होता. दरबारचा परवाना घेऊन त्यानं घरच्या पडवीत स्वतःच्या हातानं रायफल घडवली होती. दीड वर्ष लागलं. सरकारांच्या वाढदिवसाला ती दरबारात मांडली तेव्हा लोक तिच्यात आपापला चेहरा बघत होते, अशी चकचकीत.

तीच रायफल आता उस्तादांच्या चटईवर पडली होती.

“रोग दोन आहेत,” केरबा म्हणाला. “एक, नवं काडतूस आत शिरत नाही, अर्ध्यात अडतं. दुसरा, बार उडाल्यावर काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर येत नाही. बोल्टचा दांडा मागे ओढला की त्याच्या टोकाचा आकडा तिच्या कडेवरून सटकतो. आकडा मी तीनदा नवा केला. स्प्रिंग दोनदा. दर वेळी वाटतं, जमलं. चार बार सुटतात. पाचवा अडतो.”

“पुंगळी दाखव.”

“कुठली?”

“अडलेली. कुठलीही.”

“त्या… टाकून दिल्या.”

“सगळ्या?”

“रिकामी पुंगळी ठेवून काय करायचं, उस्ताद? तुम्ही रायफल बघा ना.”

उस्तादांनी चाकावरचा पाय काढला. चाक फिरत फिरत थांबलं.

“शेवटची कधी अडली?”

केरबा खिडकीबाहेर बघू लागला.

“सतरा दिवस झाले.”

“कुठं?”

“करंजवाडीच्या रानात.”

“तू होतास?”

“नाही.”

“मग कोण होतं?”

“येसबा नाईक.”

उस्तादांनी विळा खाली ठेवला. येसबाचं काय झालं, ते सगळ्या मुलखाला ठाऊक होतं.

करंजवाडीच्या बाजूला एक बिबट्या माणसांना चटावला होता. उन्हाळ्यापासून त्यानं तीन माणसं नेली होती. दरबारच्या चांगल्या बंदुका सरकारांबरोबर लांबच्या दौऱ्यावर गेलेल्या. येसबा नाईक संस्थानातला जुना शिकारी. तो केरबाकडे आला, रायफल मागून घेऊन गेला. पहिली गोळी बिबट्याच्या मागच्या पायाला लागली. येसबानं बोल्ट ओढला… पुंगळी आतच राहिली. त्यानं बोल्ट पुढे ढकलला, नवं काडतूस अडलं. तोवर बिबट्या येऊन पोचला होता.

हाकाऱ्यांनी आरडाओरडा करून येसबाला सोडवलं. तो वाचला. डाव्या हाताची तीन बोटं गेली.

“ती पुंगळी कुठं आहे?” उस्तादांनी विचारलं.

“रायफल परत आली तेव्हा नळी मोकळी होती. त्यांनीच काढली असणार.”

“जा. घेऊन ये.”

केरबाचा चेहरा उतरला.

“उस्ताद, त्यात काय विशेष आहे? मी आत्ता इथं टेकडीवर दहा बार उडवतो. एखादी अडेलच. ती बघा.”

“तीच पाहिजे.”

“का?”

उस्तादांनी विळा उचलला. चाक पुन्हा फिरू लागलं.

*

करंजवाडी तीन कोस. केरबा दोनदा वाटेत बसला, दोनदा उठला. एकदा तर माघारी वळून शंभर पावलं चालून आला.

येसबाच्या दारात त्याची बायको भागूबाई हळद वाटत होती. तिनं मान वर केली. केरबाला बघितलं. पुन्हा खाली घातली.

“सतरा दिसांनी सवड झाली?”

केरबा आत गेला.

येसबा खाटेवर पडला होता. डावा हात कोपरापर्यंत फडक्यात बांधलेला. गालावर चार ओरखडे सुकत आलेले. तो केरबाकडे बघून उठून बसला.

“ये. बस.”

वाटभर केरबानं बोलायचं काय काय जुळवलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

“पुंगळी पाहिजे होती.”

बाहेर पाटा थांबला.

“मानसाची इचारपूस न्हाई,” भागूबाई दारात येऊन म्हणाली, “आन् पुंगळी?”

“दे गं त्येला. कोनाड्यात हाय.”

भागूबाईनं एक चिंधी आणून केरबाच्या हातात टाकली. आत पुंगळी होती. तोंडाशी सुरीचे घाव.

“मीच उकरून काढली,” येसबा म्हणाला. “ताप चढायच्या आत. म्हनलं कारागीर येईल, मागंल. मला वाटलं, दुसऱ्याच दिशी येशील.”

“आकडा सटकला, येसबा. मी आता दुप्पट जाड…”

“आकड्यातलं मला काय कळतंय? पर तुला म्हनलं हुतं न्हवं मी? तुझ्या पडवीत, न्यायच्या आदी दोन बार उडवून बघितलं तवा. म्हनलं, केरबा, हिला पुंगळी सोडताना जीव जड जातुया.”

केरबाला आठवलं. पडवीत आणखी चार माणसं होती. आपण काय उत्तर दिलं, तेही आठवलं. ‘ही रायफल आहे येसबा, ठासणीची बंदूक नव्हे. आधी हात शिकव.’ चौघंही हसले होते.

येसबानं ते उत्तर काढलं नाही. पण ते त्याच्याही ध्यानात होतं.

“राग… नाही आला?”

“आला की. मग ताप आला. तापात राग गेला.” येसबानं हात मांडीवर नीट ठेवला. “पर बिबट्या न्हाई गेला. माझ्या गोळीनं त्यो लंगडा झालाय. आता त्येला हरीण गावत न्हाई. मानूसच गावतंय.”

केरबा उठला. चिंधी मुठीत घट्ट धरून तो बाहेर पडला. भागूबाईनं या खेपेस मान वर केली नाही.

*

उस्तादांनी पुंगळी उजेडात धरली. डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. मग डोळे मिटले आणि तिच्या अंगावरून नख फिरवलं.

टिक… टिक… टिक…

“घे. तू फिरव.”

केरबानं नख फिरवलं. पितळेवर बारीक कडी उठली होती. एकामागे एक, गोल.

“काय आहे?”

“वळ आहेत.”

“कुणी उठवले?”

केरबानं पुन्हा एकदा नख फिरवलं.

“काडतूस जिथं बसतं त्या घरात… लेथच्या हत्याराच्या खुणा राहिल्यात. आत, गोल.”

“माहीत होतं?”

“वाढदिवस चार दिवसांवर आला होता. बाहेरचं पॉलिश व्हायचं होतं. आतलं म्हटलं…”

“काय म्हटलं?”

“म्हटलं, आत कोण बघतंय.”

उस्तादांनी पुंगळी चटईवर उभी ठेवली.

“बार उडाला की पितळ फुगतं. फुगून त्या खाचांत बसतं. घरानंच जाणाऱ्याला धरून ठेवलंय. आकडा बिचारा काय करील? आणि जाणारा निघत नाही, तोवर येणाऱ्यानं शिरायचं कुठं?”

“म्हणजे दोन रोग नव्हेत. एकच.”

“आणि तू औषध देत होतास आकड्याला.”

केरबानं रायफल उचलली. “आजच घासतो. लेथवर लावली की दुपारपर्यंत…”

“लेथवर नाही. हातानं.”

“हातानं आठवडा लागेल!”

“लागू दे.”

*

पहिल्या दिवशी केरबा सकाळपासून घाशीत बसला. वेताच्या काडीला कापड, कापडावर तेल आणि बारीक पूड. संध्याकाळी नळी स्वच्छ पुसून उस्तादांपुढे धरली.

उस्तादांनी बोल्ट काढून बाजूला ठेवला. बंदुकीची दारू काढलेलं एक पोकळ काडतूस अंगठ्यानं घरात सारलं. मग नळीचं तोंड आभाळाकडे केलं आणि मागच्या बाजूला तळहात धरला.

काडतूस पडलं नाही.

“आज नाही,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही पडलं नाही. तिसऱ्या दिवशी अर्ध्यापर्यंत आलं आणि थांबलं.

“ठोकलं तर पडेल,” केरबा म्हणाला.

“ठोकलं तर दगडसुद्धा पडतो.”

चौथ्या दिवशी दुपारी खबर आली. करंजवाडीच्या खालच्या आळीत लंगड्या बिबट्यानं एक मोळीविक्या नेला. ओढ्याच्या काठी नुसती मोळी सापडली.

केरबानं काडी फेकली.

“उस्ताद, बास झालं! आता ती अडणार नाही. अडली तर शंभरातनं एखाद्या वेळी. द्या मला काडतुसं, मी जातो.”

“एखाद्या वेळी,” उस्ताद म्हणाले.

“तिकडं माणसं मरतायत आणि आपण इथं नळी पुसतोय!”

“हो.”

“तुम्हाला काहीच वाटत नाही?”

उस्तादांनी चटईवर हात चाचपला. केरबानं फेकलेली काडी शोधली. तिला लागलेली माती पुसली, नवं कापड गुंडाळलं. कापड दोनदा सुटलं.

केरबा बघत राहिला. मग त्यानं काडी त्यांच्या हातून घेतली आणि खाली बसला.

त्या दिवसापासून तो बोलायचा बंद झाला. घासता घासता मधेच थांबायचा, नळी उजेडाला धरून एक डोळा मिटायचा, पुन्हा घासायचा. जेवण आलं तर गार व्हायचं. बाहेर कुत्रं भुंकलं तरी दचकायचा.

सहाव्या दिवशी उस्तादांनी पोकळ काडतूस घरात सोडलं. या वेळी ते सारावं लागलं नाही, आपोआप गेलं. त्यांनी नळी उभी केली.

काडतूस त्यांच्या तळहातावर येऊन पडलं.

त्यांनी मूठ मिटली.

“आता पेटीत तुझी जुनीच स्प्रिंग घाल. आकडाही पहिला, जाड केलेला नको.”

केरबानं दोन्ही बदललं. टेकडीमागे जाऊन वीस बार उडवले. प्रत्येक पुंगळी वाकून उचलली, तिच्यावरून नख फिरवलं आणि खिशात टाकली. वीसच्या वीस गुळगुळीत.

तो परत आला तेव्हा उस्ताद कुणाच्या तरी कात्रीला धार लावत होते.

“कुणाला देऊ ही?” केरबानं विचारलं. “येसबाचा तर हात गेला.”

“तुझे दोन्ही आहेत.”

“मी शिकारी नाही, उस्ताद.”

“तो कुठं लोहार होता? त्यानं तुझी चूक पेललीच ना?”

*

या खेपेस केरबा वाटेत कुठं बसला नाही. येसबाच्या खाटेजवळ जाऊन तो जमिनीवर बसला.

“हात ठणकतो का?”

“राच्चं ठणकतोय.”

“चूक माझी होती. आतलं काम मी अर्धं टाकलं होतं. तू सांगितलंस, तेव्हा तुलाच हसलो.”

येसबा खाटेवर उठून बसला.

“दुरुस्त केलीस?”

“केली.”

“मग चल. मी डोळं देतो, तू हात दे.”

भागूबाई आडवी आली. हा हात घेऊन तुम्ही झाडावर चढणार का, म्हणाली. गेला तेवढा पुरे नाही का, म्हणाली. ती खूप बोलली. मग तिनंच नवऱ्याचं फडकं सोडून पुन्हा आवळून बांधलं आणि केरबाकडे वळली.

“ह्या टायमाला दोघं परत या.”

ओढ्याच्या वळणावर ऐनाच्या झाडावर मचाण बांधलं होतं. खाली बकरं बांधलं होतं. दुपार कलली तसे दोघं वर चढून बसले. येसबाला वर ओढून घेताना केरबाचा खांदा सोलून निघाला.

केरबाला स्वस्थ बसवेना. त्यानं पेटीतली काडतुसं काढली, एकेक पुसली, पुन्हा भरली. पुन्हा काढली.

“आता बास,” येसबा कुजबुजला. “पितळ झिजंल.”

ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं, तेव्हा बकरं ओरडायचं थांबलं.

येसबानं उजव्या हाताचं बोट नुसतं उचललं. केरबाला आधी काहीच दिसलं नाही. मग करवंदीच्या जाळीचा एक तुकडा हलला आणि त्याला डोळे फुटले.

“अजून न्हाई,” येसबा म्हणाला. “अजून न्हाई… आता.”

केरबानं चाप ओढला. गोळी बिबट्याच्या पुढ्यात मातीत घुसली.

बिबट्या पळाला नाही. त्यानं वर बघितलं. त्याला मचाण कळत होतं. तीन पायांवर तो झाडाकडे सुटला.

केरबाच्या हातानं बोल्ट मागे ओढला. मनात काही नव्हतं. पुंगळी उडाली आणि येसबाच्या मांडीवर पडली. बोल्ट पुढे गेला. नवं काडतूस घरात शिरलं. त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

बिबट्याचे पंजे बुंध्यावर लागले, तेव्हा दुसरा बार झाला.

खाली काहीतरी जड पडलं. पाचोळा थोडा वेळ वाजला. मग तोही थांबला.

येसबानं मांडीवरची पुंगळी उचलली, बघितली, केरबाच्या खिशात घातली.

“ऊन हाय अजून,” तो म्हणाला. “उजेडातच घरी जाऊ.”

*

सरकार दौऱ्यावरून परतले. दरबार भरला. येसबाला रानाच्या रखवालदारांचा मुख्य नेमलं. केरबाला भरजरी फेटा बांधला. रायफल हातोहात फिरली. आठ रखवालदारांसाठी अशाच आठ रायफली घडवाव्यात, असा हुकूम झाला.

दुसऱ्या दिवशी केरबा फेटा तसाच बांधून पिराच्या टेकडीखाली आला. उस्तादांच्या पायावर डोकं ठेवलं. रायफल चटईवर ठेवली आणि स्वतः ऐसपैस मांडी घालून बसला.

“त्या दिवसापासून साठ बार उडवले, उस्ताद. एकही अडला नाही.”

“बरं झालं.”

“सरकारांना आठ पाहिजेत. दिवाळीच्या आत देतो म्हणून सांगून आलो.”

“हं.”

“आणि खरं सांगू? त्या मचाणावर माझे हातपाय गळाले होते. महिनाभर धड झोप नव्हती. डोळा लागला की बोल्ट अडलेला दिसायचा. कालपासून ते सगळं गेलं.” केरबा हसला. “आता कुणाच्याही हातात द्यायला मी तयार आहे. डोळे मिटून.”

उस्तादांनी रायफल मांडीवर घेतली. बोल्ट मागे ओढला. पुढे ढकलला. पुन्हा मागे. कान लावून ऐकलं.

“धाकधूक गेली?”

“पार गेली, उस्ताद.”

“अगदी?”

“अगदी.”

उस्तादांनी बोल्ट काढून घेतला. तो आपल्या हत्यारांच्या पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं आणि नुसती रायफल केरबाच्या हातात परत दिली.

“मग इतक्यात कुणाला देऊ नकोस. धाकधूक परत आली की ये, बोल्ट ने.”